गोष्ट एका लाल इंजेक्शनाची

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)



मी व्यवसायानं डॉक्टर. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी चौतीस वर्षं दवाखाना चालवला. आता निवृत्त आहे. ‘आहार आणि आरोग्य’ या विषयावर बोला, असं मला सांगण्यात आलं, तेव्हा कोणतं जीवनसत्त्व कशात असतं याची यादी वाचून दाखवणं सोपं होतं. पण अशा याद्या तुम्ही शाळेत पाठ केल्या आहेत आणि परीक्षा झाल्यावर विसरूनही गेला आहात. म्हणून आज मी एकाच जीवनसत्त्वाविषयी बोलणार आहे, आणि एका चुकीविषयी. चूक माझी आणि रुग्ण माझी आई.

गोष्ट १९८९ सालची. आई तेव्हा ६४ वर्षांची होती. घराणं वारकरी, गळ्यात तुळशीची माळ. मांस-मासे-अंडी घरात कधी आली नाहीत. जेवण म्हणजे भाकरी, आमटी, एखादी पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी. दारात म्हैस होती, पण दूध डेअरीला जायचं. उरलेलं मुलांना. दही पुरुषांच्या ताटात. बायकांच्या पंगतीत सगळ्यांत शेवटी आई बसायची आणि तिच्या वाट्याला यायचं ते दोनदा पाणी घातलेलं ताक. एकादशी होतीच, शिवाय गुरुवार आणि शनिवार. हे कुणी तिच्यावर लादलं होतं असं नाही. पण कुणी थांबवलंही नाही. मीसुद्धा नाही.

दर आषाढात माउलींची पालखी लोणंदला मुक्कामाला आली की आई तिथून दिंडीत सामील व्हायची आणि पंढरपूरपर्यंत चालत जायची. त्या वर्षी मात्र ती दिवेघाटाच्या बातम्या ऐकूनच म्हणाली, ‘‘यंदा जमेल असं वाटत नाही रे बाळ. दम लागतो.’’ तोंडही आलं होतं. जीभ लालबुंद, गुळगुळीत. आमटीतलं तिखट सोसेना. चेहरा पांढुरका दिसत होता. मी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ७.

डॉक्टर मुलाला यात कोडं कसलं? ग्रामीण बाई, उपास करणारी, रक्त कमी. लोह आणि फोलिक अॅसिड एकत्र असलेल्या रक्तवाढीच्या गोळ्या मी दवाखान्यात रोज देत होतो. त्याच आईला चालू केल्या. दोन महिन्यांत हिमोग्लोबिन साडेदहावर गेलं. दम लागणं थांबलं. आई शेजारणींना कौतुकानं सांगू लागली, ‘‘आमच्या डॉक्टरनं मला उठवलं.’’ मीही खूश होतो.

पुढच्या काही महिन्यांत आई एकेक गोष्ट सांगू लागली. आज त्या साऱ्या एका ओळीत उभ्या दिसतात, तेव्हा दिसल्या नाहीत. पायांना मुंग्या येतात. चालताना पायातून चप्पल निसटते, ते कळत नाही. ‘‘जमिनीवर कापूस अंथरल्यासारखं वाटतं रे.’’ मी म्हणालो, वय झालं. चोळायला तेल दिलं. मग आमटीत दोनदा मीठ पडू लागलं. नातवंडांची नावं चुकू लागली. मी पुन्हा म्हणालो, वय झालं.

एके दिवशी सकाळी मोरीवर तोंड धुताना आईचा तोल गेला. माझी पत्नी शेजारीच होती म्हणून तिनं सावरलं. त्या दिवशी ती मला म्हणाली, ‘‘अहो, आईंचा तोल डोळे मिटले की जातो. डोळ्यांवर पाणी घेतात तेव्हाच जातो. उघड्या डोळ्यांनी नीट चालतात त्या.’’

श्रोतेहो, माझी पत्नी डॉक्टर नाही. पण जे वाक्य माझ्या तोंडून यायला हवं होतं, ते तिच्या तोंडून आलं. डोळे मिटून उभं राहिल्यावर तोल जाणं ही मज्जारज्जूतल्या एका ठरावीक बिघाडाची खूण आहे. पाय कुठे आहेत, जमीन कशी आहे, ही खबर पायांकडून मेंदूला जाते ती मज्जारज्जूच्या मागच्या भागातून. तो रस्ता खराब झाला की माणूस डोळ्यांच्या आधारानं चालतो. डोळे मिटले, अंधार झाला, की आधार संपला. हे आम्हाला वैद्यकीय महाविद्यालयात शिकवलेलं असतं. मी ते इतर रुग्णांत शोधलंही असतं. आईमध्ये शोधलं नाही.

आईला घेऊन मी पुण्याला एका ज्येष्ठ डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी तिच्या हाताची बोटं पाहिली. पेरांवर काळपट डाग होते. मी ते चुलीपुढच्या कामाचे समजत होतो. मग त्यांनी एक कंपनकाटा वाजवून तिच्या घोट्याच्या हाडावर टेकवला. ‘‘आजी, गुणगुण जाणवते का?’’ आई म्हणाली, ‘‘थंड लागतंय. गुणगुण कसली?’’ त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, ‘‘काय दिलंस?’’ मी सांगितलं, लोह आणि फोलिक अॅसिड. ‘‘आणि बी-१२?’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता ही बी-१२ भानगड काय आहे ते सांगतो. त्यासाठी थोडं मागं, मुंबईत जावं लागेल. १९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या एक इंग्रज डॉक्टरबाई मुंबईत आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणात एक भयंकर पंडुरोग होत असे, त्याचं कारण त्यांना शोधायचं होतं. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी काम केलं. या बायकांच्या रक्तातल्या पेशी संख्येनं कमी, पण आकारानं अवाढव्य आणि अर्धवट वाढलेल्या असत. विल्सबाईंना आढळलं की यीस्टपासून केलेलं मार्माइट नावाचं एक स्वस्त, खारट पदार्थ दिला की या बायका बऱ्या होतात. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. त्या मार्माइटमध्ये होतं तेच पुढे फोलिक अॅसिड म्हणून ओळखलं गेलं. जगभर गरोदर स्त्रियांना दिल्या जाणाऱ्या या गोळीचं मूळ असं आपल्या गिरणगावात आहे.

दुसरीकडे पाश्चात्त्य देशांत तसाच दिसणारा, पण वेगळा पंडुरोग होता. त्यात रुग्ण हमखास मरत. १९२६ मध्ये अमेरिकेत मायनॉट आणि मर्फी या डॉक्टरांनी अशा रुग्णांना रोज पावशेराच्या आसपास यकृत, म्हणजे लिव्हर, खायला घातलं आणि ते बरे झाले. पुढे विल्यम कॅसल या डॉक्टरांनी एक विलक्षण प्रयोग केला. जेवत असाल तर क्षमा करा. त्यांनी स्वतः अर्धकच्चं मांस खाल्लं, तासाभरानं ते उलटीवाटे बाहेर काढलं आणि नळीनं रुग्णांच्या पोटात घातलं. रुग्णांची प्रकृती सुधारली. नुसतं मांस देऊन मात्र फरक पडत नव्हता. याचा अर्थ असा, की अन्नातला एखादा घटक आणि निरोगी जठरातला एखादा घटक एकत्र आल्याशिवाय काम होत नाही. अन्नातला तो घटक १९४८ मध्ये शुद्ध रूपात हाती आला. त्याचे स्फटिक लालभडक होते. तेच बी-१२. त्याची गुंतागुंतीची रचना डोरोथी हॉजकिन या शास्त्रज्ञ बाईंनी १९५६ पर्यंत उलगडली आणि १९६४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

मधल्या काळात, १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात, आणखी एक गोष्ट घडली होती. फोलिक अॅसिड नुकतंच तयार होऊ लागलं होतं. डॉक्टरांनी ते या दुसऱ्या पंडुरोगाच्या रुग्णांनाही दिलं. रक्त झपाट्यानं सुधारलं. सगळ्यांना आनंद झाला. आणि मग त्यातल्या काही रुग्णांचे पाय बधिर होऊ लागले, तोल जाऊ लागला. म्हणजे मी १९८९ मध्ये केलेली चूक चाळीस वर्षांपूर्वीच होऊन, नोंदवून, पुस्तकांत छापून झाली होती.

असं का होतं? मार्केट यार्डाचं उदाहरण घेऊ. फोलेट हा हमाल समजा. त्याच्या पाठीवर एक पोतं आहे. बी-१२ हा पोतं उतरवून घेणारा गडी. पोतं उतरलं की दोन कामं होतात. पोत्यातला माल गोदामात जातो. मज्जातंतूंच्या वेष्टनाची डागडुजी करायला तो लागतो. आणि हात मोकळे झालेला हमाल दुसऱ्या कामावर जातो. ते काम म्हणजे नव्या पेशी बांधण्यासाठी विटा वाहणं. रक्ताच्या पेशी तर शरीराला अखंड नव्या लागतात.

आता पोतं उतरवून घेणारा गडीच नाही. सगळे हमाल पाठीवर पोती घेऊन रांगेत उभे. विटा वाहायला कुणी नाही, म्हणून रक्त कमी झालं. मी काय केलं? फोलिक अॅसिडची गोळी देऊन नवे, रिकाम्या हातांचे हमाल पाठवले. त्यांनी विटा वाहिल्या, रक्त तयार झालं, हिमोग्लोबिन वाढलं. पण पोती तशीच राहिली. गोदामात माल गेलाच नाही. शिवाय काही चरबी आणि प्रथिनांच्या चयापचयात बी-१२चं एक स्वतंत्र काम आहे, तिथे फोलेटचा काही उपयोगच नसतो. तेही अडून राहिलं. आणि रक्त चांगलं दिसत असल्यामुळे आतली पडझड मला दिसली नाही. रक्त कमी राहिलं असतं तर मी निदान कारण तरी शोधलं असतं.

बी-१२ येतं कुठून? कोणतीही वनस्पती ते तयार करत नाही. कोणताही प्राणीही करत नाही. ते फक्त काही सूक्ष्म जिवाणू तयार करतात. गाई-म्हशींच्या पोटातल्या जिवाणूंकडून ते दुधात आणि मांसात उतरतं. मासे, यकृत, मांस यांत ते भरपूर असतं. अंड्यात असतं, पण त्यातलं फारसं शोषलं जात नाही. डाळी, धान्यं, पालेभाज्या, फळं यांत ते मुळी नसतंच. अळंबी, स्पिरुलिना, आंबवलेली इडली यांचं नाव कुणी घेतलं तरी त्यांच्यावर विसंबू नका. स्पिरुलिनात सापडतं ते बहुतांश बी-१२सारखं दिसणारं, पण आपल्या शरीराला न चालणारं असतं.

मोठ्या माणसाला दिवसाला लागतं किती? दोन ते अडीच मायक्रोग्रॅम. एक ग्रॅमचे दहा लाख भाग करा, त्यातले दोन-अडीच. शंभर मिलिलिटर दुधात साधारण ०.४ मायक्रोग्रॅम असतं. म्हणजे शाकाहारी माणसाला रोज अर्धा लिटर दूध, किंवा तेवढ्याच दुधाचं दही हवं. आता आपापल्या घरातल्या बाईच्या पोटात दिवसाकाठी किती दूध जातं याचा हिशेब मांडा. दोन वेळच्या चहात दोन-दोन चमचे. माझ्या आईचं पाणी घातलेलं ताक मी नंतर मनात मोजलं. ते कुठंच पोचत नव्हतं.

या जीवनसत्त्वाचा एक स्वभाव आहे. शरीर ते यकृतात साठवून ठेवतं आणि साठा वर्षानुवर्षं पुरतो. म्हणून कमतरता चोरपावलांनी येते. एका वेळी जठर-आतडी मिळून थोडंच शोषू शकतात, म्हणून एकदम लिटरभर दूध पिण्यापेक्षा दिवसातून तीनदा थोडं दूध-दही घेतलेलं बरं. अन्नातून ते सुटं व्हायला जठरातलं आम्ल लागतं. वय वाढलं की आम्ल कमी होतं. आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचंही होतं. मधुमेहावर दिली जाणारी मेटफॉर्मिन ही गोळी उत्तम आहे, पण दीर्घकाळ घेतल्यास तीही बी-१२चं शोषण कमी करते.

मधुमेहाचा विषय निघालाच आहे तर पुण्याच्या एका अभ्यासाविषयी सांगायलाच हवं. १९९३ पासून पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या स्त्रियांचा, गरोदरपणापासून पुढे त्यांच्या मुलांचाही, अभ्यास केला. ही बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची होती. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. आपली बाळं हाडांनी, स्नायूंनी किरकोळ. पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानानं राखून असलेली. दिसायला बारीक, आतून चरबीयुक्त. मधुमेहाची जमीन अशी पोटातच तयार होऊ लागते. हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध खाणाऱ्या मातांची बाळं मोठी होती, हेही त्यांना दिसलं.

आणि दोन तृतीयांश मातांच्या रक्तात बी-१२ कमी होतं. फोलेटची कमतरता फारशी नव्हती. २००८ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं, की ज्या मातांमध्ये फोलेट जास्त आणि बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांचं शरीर सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देत होतं. तो निबंध वाचला त्या रात्री मला झोप आली नाही. जास्त फोलेट, कमी बी-१२. ही माझ्याच आईची स्थिती होती, आणि मी ती स्वतःच्या हातानं केली होती. दवाखान्यातल्या किती जणींची केली असेल?

इथे एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगतो, कुणाचा गैरसमज नको. हे ऐकून एकाही गरोदर बाईनं फोलिक अॅसिड बंद करू नये. बाळाच्या मेंदूतला आणि मणक्यातला जन्मजात दोष त्या गोळीनं टळतो, हे १९९१ साली निर्विवाद सिद्ध झालं आहे. गोळी घ्यायचीच. डॉक्टरांना एवढंच विचारायचं, ‘‘माझं बी-१२ पाहिलंत का?’’

आणि शाकाहारी मंडळींनो, माळ घातलेल्यांनो, तुम्हाला कुणी धर्म सोडायला सांगत नाही. बी-१२च्या गोळ्या आणि इंजेक्शनं जिवाणू आंबवून त्यापासून तयार करतात. कुठल्या जिवाची हत्या करून नव्हे. दूध-दही पुरेसं घ्या, नाहीतर तपासणी करून गोळी घ्या. पायांना मुंग्या, जिभेची आग, अंधारात तोल जाणं, अचानक वाढलेला विसराळूपणा, यांतलं काही असेल तर ‘वय झालं’ म्हणण्याआधी रक्ताची एक तपासणी करा. वय तर सर्वांचंच होतं.

आईला बी-१२ची इंजेक्शनं सुरू झाली. लाल रंगाची, जास्वंदीच्या रसासारखी. आठवड्याभरात जिभेची आग थांबली. तीन-चार महिन्यांत नातवंडांची नावं पुन्हा ठिकाणावर आली. पेरांवरचे डाग गेले. पाय मात्र पूर्ण परत आले नाहीत. मज्जातंतूंचं नुकसान किती दिवस चाललं होतं, यावर ते भरून येणं अवलंबून असतं. मी सात-आठ महिने वाया घालवले होते.

मी आईला सगळं खरं सांगितलं. हमालाचं उदाहरण तिच्यासाठीच पहिल्यांदा शोधलं होतं. तिनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘म्हणजे तो गडी दुधात असतो होय?’’ मी म्हणालो, हो. ‘‘मग आता सुनेला पण देत जा,’’ ती म्हणाली. माझ्या चुकीविषयी ती एवढंच बोलली. त्या दिवसापासून आमच्या घरात बायकांची पंगत वेगळी बसली नाही, आणि दूध डेअरीला जाण्याआधी घरातल्या बायकांचा वाटा बाजूला निघू लागला.

आई २००३ पर्यंत जगली. दिंडीत चालणं पुन्हा झालं नाही. दर वर्षी पालखी आली की मी तिला एसटीनं लोणंदला न्यायचो. हातात काठी, रस्त्याच्या कडेला खुर्ची. समोरून दिंड्या जायच्या. ती त्यांचे पाय पाहायची. मी तिच्याकडे पाहायचो.

आज हे भाषण संपलं की एवढंच करा. आपल्या घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवतं ते पाहा, आणि तिच्या वाटीत काय उरलेलं असतं तेही पाहा.